अकरा जानेवारीचं पान

१

सोमवारी सकाळी डॉक्टर मुनीब हफ्फार यांनी मला घरी बोलावून घेतलं, दाराला आतून कडी घातली आणि टेबलावर वही ठेवली.

"अबू मजद, पानं मोजा," ते म्हणाले.

मी मोजली. पुठ्ठ्यावर शहाण्णव छापलं होतं, हाताला पंचाण्णव लागली. पुन्हा मोजली. मग तारखा पाहत गेलो. चार जानेवारीच्या गुरुवारनंतर एकदम अठरा जानेवारीचा गुरुवार येत होता. मधलं पान कुणीतरी शिवणीला खेटून, पट्टी लावून, एका रेषेत कापून नेलं होतं.

मी एकतीस वर्षं दमास्कसच्या न्यायालयात सह्या तपासल्या. खरेदीखतं, मृत्युपत्रं, भाडेकरार. निवृत्त झालो त्याच वर्षी बायको गेली. मुलगा मजद, ज्याच्यावरून लोक मला अबू मजद म्हणजे मजदचा बाप म्हणतात, तो कुवेतला असतो, शुक्रवारी त्याचा फोन येतो. बाकीचे सहा दिवस मला कुणी हाक मारत नाही. त्यामुळे मुनीबच्या बैठकीला मी राजकारणासाठी जात होतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. गुरुवारी संध्याकाळी तिथे माझ्यासाठी कुणीतरी खुर्ची धरून ठेवायचं, म्हणून मी जायचो.

तो हिवाळाच वेगळा होता. जुने राष्ट्राध्यक्ष उन्हाळ्यात वारले, नवे आले, आणि तीस वर्षं घट्ट बसलेलं दार जरासं किलकिलं झालं. तुरुंगातून काही शे माणसं सुटली. घराघरांत बैठका भरू लागल्या. लोक निवडणुकीबद्दल, कायद्याबद्दल मोठ्यानं बोलायचे आणि बोलून झाल्यावर खिडकीकडे बघायचं विसरायचे. मुनीब पूर्वी औषधांचं दुकान चालवायचे, मुहाजिरीनच्या चढावर त्यांचं घर. त्यांनी दाराशी ही वही ठेवली होती. येईल त्यानं नाव-पत्ता लिहून सही करायची. आपण काही चोरी करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि काल, रविवारी, फर्मान निघालं होतं. घरात बैठक घ्यायची तर परवाना हवा, येणाऱ्यांची यादी आधी द्यायला हवी. मुनीबना तर ठाण्यातून वेगळा निरोप आला होता. शनिवारी वही घेऊन या.

"वही मी देणार नाही, तो प्रश्न नाही," मुनीब म्हणाले. "पण ते पान आधीच त्यांच्याकडे पोचलं असेल तर? म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी..."

मी शुक्रवारपर्यंत मुदत मागितली आणि वही कोटाच्या आत घालून घरी आणली.

२

वही एरवी कपाटात, कुलपात असायची. मुनीब सोडले तर तिघांच्याच हाती ती लागलेली. तिघांनाही मी भेटलो.

पहिली लमीस, मुनीबची पुतणी. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कपाटाची किल्ली तिच्याकडेच असायची. तिला फ्रान्सची शिष्यवृत्ती मिळायच्या बेतात होती. अशा वेळी आपलं नाव कुठल्या वहीत नसलेलं बरं, असं कुणालाही वाटेल. मी तसं आडून विचारलं तर ती हसली.

"काका, मी घाबरले असते तर अख्खी वही शेगडीत घातली असती. एक पान कापून काय होतं? माझं नाव प्रत्येक पानावर आहे."

मग तिनं वकील वजीह यांच्याकडे बोट दाखवलं. ते आत्तापासूनच मंत्री झाल्यासारखे बसतात, मंत्र्याला वही कशी परवडेल, असं तिचं मत.

वजीह सत्तरीचे. आवाज असा की शेजारच्या कचेरीतला कारकून मान वर करून बघायचा. जानेवारीच्या शेवटी सरकारला पाठवायच्या अर्जाचा मसुदा करायला त्यांनी आठवडाभर वही नेली होती. त्यांनी मला अर्धा तास निवडणुकीचं गणित सांगितलं आणि जाताना हळूच म्हणाले की पोरीचं काहीतरी प्रकरण असणार, त्या पानावर कुणा मुलाचं नाव असेल. त्यांना वहीबद्दल एकच गोष्ट सलत होती. आठ फेब्रुवारीला राज्यघटनेवर बोलताना त्यांचा हात लागून चहाचा पेला वहीवर उपडा झाला होता. मुनीबनी त्यांना तेव्हा चारचौघांत बोल लावला होता आणि वजीह ते अजून विसरले नव्हते.

तिसरा घियास. सरकारी वर्तमानपत्रात सव्वीस वर्षं मुद्रितशोधक. माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवणारा तोच. अक्षर सुरेख, म्हणून जानेवारीच्या मध्याला मुनीबनी पत्त्यांची स्वच्छ यादी करायला दोन दिवस वही त्याच्या घरी दिली होती. त्याच्यासमोर चुकीचं बोलायची सोय नव्हती. लमीस एकदा खुर्च्या लावताना म्हणाली होती, "कुणीतरी माझी मदत करा." घियास लगेच उठला, खुर्च्या उचलल्या आणि म्हणाला, "मला मदत करा, असं म्हण. मदत तुझी नसते बाई, ती करणाऱ्याची असते."

मंगळवारी चहाच्या दुकानात आम्ही भेटलो. मी पानाबद्दल सांगितलं. तो बराच वेळ साखर ढवळत राहिला.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "एक पान गेलं म्हणून वही मरत नाही. कुणीतरी घाबरलं असेल. घाबरलेल्या माणसाला शोधून तुला काय मिळणार?"

मला ते पटलंही होतं. घरी येऊन मी वही पुन्हा खिडकीशी धरली ती नुसती सवयीनं. तेव्हा कापलेली कड दिसली, आणि आम्ही सगळेच चुकीच्या दिवसापासून मोजत होतो हे ध्यानात आलं.

३

आम्ही असं धरून चाललो होतो की रविवारचं फर्मान ऐकून कुणाचं तरी धाबं दणाणलं आणि त्यानं पान कापलं.

पान कापल्यावर शिवणीजवळ नखाच्या कडेएवढी पट्टी उरली होती. वजीहच्या चहाचा डाग वहीच्या खालच्या कोपऱ्यातून शिवणीपर्यंत सगळ्या पानांत झिरपला होता. पान चहा सांडल्यानंतर कापलेलं असतं तर त्या पट्टीची कापलेली कड बाकीच्या डागासारखीच फिकी दिसली असती. ती गडद तपकिरी होती. चहा थेट कापलेल्या कडेतच मुरला होता.

म्हणजे आठ फेब्रुवारीला, वजीहचा हात पेल्याला लागला तेव्हा, ते पान वहीत नव्हतंच. फर्मान निघायच्या निदान दहा दिवस आधी ते गेलं होतं. त्या दिवसांत आमच्यातलं कुणीच घाबरलेलं नव्हतं. वह्या गोळा होणार आहेत हे ज्याला आधीच माहीत होतं, त्यानंच हे केलं होतं. आणि आमच्या गावात अशी गोष्ट आधी गुप्तचर खात्याच्या माणसांनाच माहीत असते, हे शाळकरी पोरही सांगेल.

मग मी शिवण तपासली. शिवलेल्या वहीचं एक पान कापलं की त्याचं जोडपान पलीकडे सुटं होतं. ते सुटं झालेलं पान कुणीतरी पातळ खळीनं इतक्या हलक्या हातानं चिकटवलं होतं की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. पान चोरणारा वहीची काळजी घेत होता.

शेवटी अठरा जानेवारीचं पान उन्हात तिरपं धरलं. वरच्या पानावर लिहिताना पेन दाबलं की खालच्या पानावर वळ उठतात. माझी निम्मी नोकरी असे वळ वाचण्यात गेली. दोन तासांत मला अकरा जानेवारीची नऊ नावं मिळाली. आठ नावं ओळखीची होती, आणि ती आठही इतर पानांवर पुन्हा पुन्हा आलेली. स्वतःचं नाव लपवण्यासाठी त्यांच्यातल्या कुणी हे एकच पान कापणं म्हणजे वेडेपणा होता.

नववं नाव त्या पानाशिवाय कुठेच नव्हतं. ते इतकं दाबून लिहिलं होतं की दोन पानं खालीही हाताला लागत होतं. सफ्वान दब्बास. पत्ता रुक्नुद्दीन वस्तीतला.

त्या गुरुवारी दाराशी कुणी नवखा बसला होता एवढं अंधुक आठवलं, पण हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

४

बुधवारी दुपारी मी रुक्नुद्दीनला गेलो. एका बाईनं दार अर्धं उघडलं. मी बैठकीचं नाव घेतलं आणि ती दार लावायला लागली, तेवढ्यात आतून आवाज आला, "येऊ दे त्यांना."

सफ्वान शेगडीशेजारी ओव्हरकोट घालून बसला होता. पन्नाशीचा असेल, दिसत होता सत्तरीचा. तो पूर्वी जमिनीची मोजणी करायचा. सोळा वर्षं आत होता, नोव्हेंबरात सुटला. पुन्हा राजकारणाच्या वाटेला जाणार नाही असं लिहून घेऊन त्याला सोडलं होतं. लोक घरात बसून मोठ्यानं बोलतात हे बहिणीकडून त्याला कळलं, त्याचा विश्वास बसेना, म्हणून एकदा डोळ्यांनी बघायला आला. दाराजवळ बसला आणि बैठक संपायच्या आधी उठून गेला. दाराशी वही होती, सगळे लिहीत होते, म्हणून त्यानंही लिहिलं.

मी विचारलं, कुणी बोललं का तुमच्याशी?

"जिन्यात एकजण भेटले," तो म्हणाला. "दिवा गेला होता. मला अंधारात उतरता येत नाही आता. मी म्हटलं, भाऊ, जरा माझा हात पकडा. तर ते म्हणाले, 'हात धरा, असं म्हणावं. पकडतात ते चोराला.'"

सांगताना त्याला हसू आलं.

"मग धरला त्यांनी हात. पार रस्त्यापर्यंत आणून सोडलं. तिथे म्हणाले, 'पुन्हा येऊ नका. इथे लिहिलेलं पुसलं जात नाही.' मला नवलच वाटलं. वर सगळे इतके खुशीत होते."

चेहरा दिसला का, असं त्याला विचारायची मला गरज उरली नव्हती. तरी मी थोडा वेळ बसून राहिलो. बहिणीनं चहा दिला. तो प्यायलो आणि गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मला वाटत होतं की आपल्याकडून काहीतरी चूक झाली असेल, डाग नीट पाहिला नसेल.

५

गुरुवारी दुपारी घियासच्या घरी गेलो. चौथा मजला, एकच खोली. टेबलावर लांबलचक मुद्रितं, लोखंडी पट्टी आणि खळीची वाटी. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीवरचे कागद उचलून मला जागा करून दिली.

"कड तपकिरी होती," मी म्हणालो.

त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "चहा," तो म्हणाला. "हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं."

"कधीपासून?"

"दहा वर्षं झाली." मुलाला बाहेरदेशी जायचं होतं, पासपोर्ट मिळत नव्हता. खात्याच्या माणसानं सांगितलं की चहाच्या दुकानात लोक काय बोलतात तेवढं लिहून देत जा. मुलगा स्वीडनला गेला. चार वर्षांत त्याचं पत्र नव्हतं. लिहिणं मात्र सुरूच राहिलं. मुनीबची बैठक सुरू झाल्यावर त्यानं दर शुक्रवारी तिथल्या माणसांची नावं दिली होती, आणि कोण काय बोललं तेही.

"सगळी नावं दिलीस. मग हे एकच का नाही?"

तो उत्तर शोधत होता असं मला वाटलं नाही. ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

"चहाबरोबर काअक होते ना त्या दिवशी, तिळाचे, बिस्किटासारखे. त्या माणसानं इकडेतिकडे बघितलं आणि दोन खिशात घातले. मग जरा वेळानं एक काढून परत ताटलीत ठेवला. घरी येऊन यादी लिहायला बसलो. आठ नावं झाली. नववं हातून उतरेना. खात्यातून तेव्हाच कानावर आलं होतं की हे सगळं आवरतं घेणार, वह्या जमा करणार. वही माझ्याकडे होती. मी पान कापलं आणि शेगडीत घातलं. त्यांना सांगितलं, आठच जण आले होते."

खाली रस्त्यावर गॅस सिलिंडरवाला पान्यानं सिलिंडर वाजवत चालला होता.

"आणि माझ्याबद्दल काय लिहायचास?" मी विचारलं.

"तुझ्याबद्दल? दर वेळी एकच वाक्य. बसला, ऐकलं, गेला."

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्या रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, जे मी पुढे कुणालाच सांगितलं नाही. बायको गेल्यापासून गुरुवारी मी कुठे असतो याची नोंद जगात फक्त या माणसानं ठेवली होती.

"मुनीबना सांगणार?"

"हो. बैठकीला येणारी अजून चाळीस माणसं आहेत."

"सांग," घियास म्हणाला. "सांगायलाच हवं. फक्त ते नववं नाव सांगू नकोस."

६

शुक्रवारी मी मुनीबना घियासबद्दल सगळं सांगितलं, आणि पान जळलं एवढंही सांगितलं. नाव सांगितलं नाही. वळ वाचता आले नाहीत, असं म्हणालो. एकतीस वर्षांत माझ्या कामाबद्दल मी बोललेलं ते पहिलं खोटं. मुनीबनी उठून वही फाडली आणि चार-चार पानं करून शेगडीत घातली. हे आपल्या दोघांतच राहील, असं ते म्हणाले.

ते राहिलं नाही. लमीस बाहेरच्या खोलीत होती. तिचं वय पंचवीस, ती गप्प कशी बसेल? पंधरा दिवसांत मुहाजिरीनभर झालं. वजीह सांगत सुटले की मला तर पहिल्या दिवसापासून संशय होता. बैठक बंदच झाली होती. परवान्यासाठी वजीहनी केलेल्या अर्जाला उत्तरही आलं नाही.

एप्रिलमध्ये खात्याच्या माणसांनी घियासला उचललं. हेर म्हणून तो उघडा पडला, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. मुहाजिरीनभर झालेल्या गोष्टीतून त्यांना कळलं होतं की त्यानं एक नाव दडवलंय, आणि ते त्यांना हवं होतं. अठरा दिवसांनी तो परत आला. नोकरी गेली होती. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती, असं त्याच्या इमारतीखालच्या भाजीवाल्यानं मला सांगितलं. वर कुणी जात नाही, हेही त्यानंच सांगितलं. मीही गेलो नाही. पेरलं ते उगवलं, असं मी स्वतःला बजावत होतो. तरी माझी झोप उडाली होती, कारण गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली होती.

मी दर आठवड्याला रुक्नुद्दीनला जाऊन त्या गल्लीवरून चक्कर मारायचो. सफ्वानला कधी नेतात याची मी वाट बघत होतो. अठरा दिवसांत माणूस काय काय सांगतो हे मी कोर्टातल्या जबाबांवरून चांगलं ओळखून होतो. मे गेला. जून गेला. सफ्वान संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसलेला दिसायचा. सप्टेंबरात मोठी धरपकड झाली. मुनीबना नेलं, पुढे त्यांना पाच वर्षांची सजा झाली. लमीस त्याआधीच फ्रान्सला गेली होती. सफ्वानच्या दारी मात्र कुणी आलं नाही.

तेव्हा मला या प्रकरणातला शेवटचा निष्कर्ष काढावा लागला. त्याला ना भिंग लागलं, ना ऊन. घियासनं नाव दिलं नव्हतं.

ज्याच्यासाठी हे झालं त्याला ते कळायला हवं, म्हणून मी सफ्वानकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पत्ता विचारला. मी म्हणालो, हा माणूस हेर आहे, त्यानं चाळीस जणांची नावं दिली आहेत, मुनीबचंसुद्धा.

"असेल," सफ्वान म्हणाला. "आतसुद्धा असे होते. थंडी त्यांनाही वाजायची." आणि बहिणीला त्यानं बूट मागितले.

मला घियासकडे जायला आणखी महिना लागला. ऑक्टोबरातली दुपार होती, हातात डाळिंबांची पिशवी होती. चौथ्या मजल्याच्या जिन्यातच आवाज ऐकू आले. आत दोघं होते. भरड गव्हाच्या बुरगुल भातात पाणी किती घालायचं यावर सफ्वान काहीतरी सांगत होता आणि घियासला ते मुळीच मान्य नव्हतं. घियासचा तो स्वर मी आठ महिन्यांत ऐकला नव्हता. मी दारापर्यंत आलो आणि माझी चप्पल फरशीवर वाजली.

आवाज बंद झाले. एकदम. डावसुद्धा भांड्यात थांबला.

दाराबाहेर पाऊल वाजल्यावर घरातली माणसं अशी गप्प का होतात ते मला माहीत होतं. दोघं आत श्वास रोखून उभे असणार. बेल वाजवली असती तर त्यांच्या काळजात आणखी एकदा धस्स झालं असतं, न वाजवता उतरून गेलो असतो तर ते रात्रभर कान लावून बसले असते.

"मी आहे," मी मोठ्यानं म्हणालो. "नझीह. अबू मजद."

आत पावलं सरकली. मग दाराच्या अगदी जवळून घियासचा आवाज आला.

"एकटाच आहेस?"

"एकटाच," मी म्हणालो.